जहाजाचं नाक डावीकडे का झुकलं

पोळ्याची कर, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, दुपारची जेवणं आटोपल्यावर. हजर: मी, खामगावहून, माझे धाकटे दीर आणि जाऊ, दुसरबीडहून, एकाच घरातल्या दोन खोल्यांत, दोन कॉम्प्युटरवर, आणि दिरांचे शाळेपासूनचे एक मित्र, सोनाळ्याहून, तिथे त्यांची संत्र्याची बाग आहे. गैरहजर: माझे यजमान. ते पुरणपोळी खाऊन आतल्या खोलीत झोपले होते. आमच्या अंतराळाशी त्यांचा संबंध एवढाच की इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी ते घालतात.

विषय एकच होता. आमचं मालवाहू जहाज चंद्रावर उतरताना नाक डावीकडे खाली टाकतं, ते का?

आम्ही चौघं एक ऑनलाइन खेळ खेळतो. अंतराळस्थानकावरून माल उचलायचा, एखाद्या चंद्रावरच्या वस्तीत पोचवायचा, तिथून दुसरा घ्यायचा. कुठला माल घ्यायचा, इंधन किती, वाट कोणती, हे मी ठरवते. गिरणीच्या ऑफिसात हेच करते, फक्त तिथे सरकीची ढेप असते. इंजिनाची देखरेख मित्रांकडे. जहाज बहुतेक वेळा जाऊ चालवते आणि माल दीर भरतात. कधी हौस आली की दोघं कामं बदलतात.

आमच्यात एक नियम आहे, तो मीच घातलेला. ज्याच्या हातून जहाज दोनदा आपटेल त्याने चालकाची खुर्ची सोडायची. जाऊच्या हातून दोनदा आपटलं होतं. दोन्ही वेळा तसंच: पाय टेकायच्या आत नाक डावीकडे खाली, आणि पुढचा भाग चेपलेला. आठवडाभर दुकान, घर, सासूबाईंची औषधं हे सगळं सांभाळून रविवारच्या दुपारी ती त्या खुर्चीत बसते. ती खुर्ची गेली तर ती खेळणंच सोडेल, हे तिने मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. "बसून पेट्या मोजायला मी नाही येणार, ताई," असं.

मी म्हटलं, निकाल आज लावू.

दिरांनी सुरुवात केली. "वहिनी, यात पाहाचं काय आहे? हिले डावं-उजवं समजत नाही. स्कूटीले विचारा."

"स्कूटी मी आपटली नाही, तुम्ही चाक वाकवलं," जाऊ म्हणाली. तिचा आवाज तिच्या माइकमधून आला आणि मग पुसट असा दिरांच्याही माइकमधून. "हा बग आहे. अपडेट आल्यापासूनच झालं. आधी कधी झुकलं का?"

हे खरं होतं. नवीन अपडेट आल्यापासून खेळाच्या चर्चेच्या पानावर देशोदेशीचे लोक भांडत होते. जहाजं वाकडी उतरतात, बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक आहे, दुरुस्त करा, असा एक पक्ष. आता मालाचं वजन खरोखर मोजलं जातं, भौतिकशास्त्र सुधारलं आहे, असा दुसरा. मित्र दुसऱ्या पक्षाचे.

"पेट्यांचं वजन लागते आता," ते म्हणाले. "आधी माल म्हणजे नुसता आकडा होता. आता ज्या जागी ठेवली त्या जागी पेटी जड."

"अबे, चंद्रावर वजन कमी असते, हे चौथीतल्या पोराले माहीत आहे," दीर म्हणाले.

"वजन कमी होते, पेटी कमी होते काय? उतरताना तू वेग कमी करतं का नाही? तवा पेटीले थांबवा लागते. चंद्र असो का खामगाव, ती तितकीच अडते."

"मंग मी चालवतो तवा काऊन नाही झुकत? तवाही पेट्या असतेच ना बे?"

मित्र पुन्हा पेट्यांच्या वजनावर आले. जाऊ पुन्हा अपडेटवर. मधूनच माझ्या हेडफोनमध्ये दुसरबीडच्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

वाद असा फिरून फिरून तिथेच येत होता, म्हणून मी तो थांबवला. गिरणीत मोटर तापली की आमचा फिटर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. तेच करू म्हटलं. माल तोच, भरणारा तोच, उतरायची जागा तीच. फक्त चालक बदलायचा. म्हणजे भाऊजींनी स्वतः भरायचं आणि स्वतःच चालवायचं.

"काही हरकत नाही," दीर म्हणाले. "दाखवतोच. ए, खुर्ची खाली कर."

जाऊ उठली. म्हणजे खेळातली उठली आणि जहाजाच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. दिरांनी पेट्या भरल्या. मी हिशेब आणि नकाशा उघडून बसले होते, मित्र इंजिनाकडे. आम्ही तिघंही भरताना बघायला गेलो नाही. कधीच जात नव्हतो. माल भरणं हे भाऊजींचं काम, असं धरलेलं होतं.

निघालो. वाटभर दीर जाऊला शिकवत होते: "पाह्य, असं हळू. असं दोन्ही बाजू सारखं. याले म्हणतात चालवणं." चंद्र मोठा होत गेला, वस्तीचे दिवे दिसले. त्यांनी जहाजाचे पाय बाहेर काढले, वेग कमी केला.

नाक डावीकडे खाली गेलं.

"अय्, अय्, अय्..." एवढंच ऐकू आलं. मग आपटल्याचा आवाज, आणि त्यानंतर दोन्ही माइकमधून जाऊचं हसणं. इतकं की कोंबड्या गप्प झाल्या.

"हा बगच आहे वहिनी!" दीर ओरडले. "लिहून घ्या. शंभर टक्के बग!"

"आता बग झाला का?" जाऊ म्हणाली. "मघाशी तर स्कूटी होती."

मित्र तोवर इंजिन सोडून माल ठेवायच्या भागात गेले होते. तिथून त्यांचा आवाज आला, जरा वेगळाच. "अबे, इकडे ये. हे काय भरलं तू? गाडी भरली काय?"

आम्ही सगळे तिकडे गेलो. सगळ्या जड पेट्या पुढे, नाकाला चिकटवून रचलेल्या. मागे हलक्या. आणि उजव्या हाताला पुढपासून मागपर्यंत माणूस जाईल एवढी वाट मोकळी. म्हणजे सगळा भार डावीकडे.

"मंग काय मागं भरू?" दीर म्हणाले. "मागं जड झालं तर उलाळ नाही होणार?"

बैलगाडी मागे जड झाली की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही. त्याला उलाळ म्हणतात. आमच्या घरात गाडी भरायला शिकलेला प्रत्येक माणूस भार पुढे घेतो. आणि गोदामात जायला-यायला एका बाजूला वाट सोडतो. दीर अंतराळात तेच करत आले होते. अपडेटच्या आधी त्याने काही बिघडत नव्हतं, कारण खेळ पेट्यांची जागा मोजतच नव्हता.

"आणि बैल कुठं जुपले?" मित्रांनी विचारलं.

"वहिनी, याले सांगा."

मी जाऊला विचारलं, "मग भाऊजी चालवतात तेव्हा तू कशा भरतेस?"

"मधोमध. फडताळात बरण्या ठेवतो तशा. जड मधल्या ओळीत, हलक्या दोन्हीकडे सारख्या." आणि लगेच म्हणाली, "म्हणजे हे चांगले चालवतात असं नाही. मी चांगली भरते."

यावर दिरांनी एवढंच म्हटलं, "चहा ठेवतो." आणि हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज आला.

त्यांचा चहा होईपर्यंत आम्ही तिघांनी पेट्या काढून तिच्या पद्धतीने पुन्हा लावल्या. जाऊने जहाज वर उचललं आणि त्याच जागेवर उतरवलं. चारही पाय एकदम टेकले. पीठ चाळणीतून पडावं तशी बारीक धूळ उडाली. मित्र म्हणाले, "बग संपला."

मी नियमाचा निकाल दिला: आधीचे दोन्ही अपघात भरणाऱ्याच्या खाती, चालकाच्या नाही. खुर्ची जाऊचीच. इथून पुढे भाऊजी पेट्या भरतील, पण कुठे ठेवायच्या ते ती सांगेल. दीर चहाचा कप घेऊन परत आले, निकाल ऐकला, आणि म्हणाले, "हाव. पण घरात नाही सांगाचं कोणाले." जाऊ म्हणाली की सासूबाईंनी मघाशीच सगळं दारातून ऐकलं.

एक काम मात्र राहिलं. मधोमध लावल्यावर तीन जड पेट्यांना जहाजात जागा उरली नाही. त्या आम्ही चंद्रावरच, उतरायच्या जागेच्या कडेला काढून ठेवल्या. मग दुसरबीडला गिऱ्हाईक आलं, सोनाळ्याला ठिबकवाल्याचा फोन आला, आणि सगळे पांगले. त्या तीन पेट्या अजून तिथेच आहेत, पुढच्या फेरीत उचलायच्या आहेत.