आठची गोळी

बसस्थानकावर तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. एकोणीस वर्षं माईकपुढे बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारल्यावर ती सगळ्यांची कर्णाताई झाली. ड्रायव्हर तसंच म्हणत, झाडूवाल्या तसंच म्हणत, घरी लेकसुद्धा रुसली की ‘आमच्या कर्णाताई’ म्हणायची. आवाज होताच तसा. फार चढा नाही, गोड तर मुळीच नाही, पण स्वच्छ. पोरं रडत असोत की इंजिनं गुरगुरत असोत, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही कळायचं.

तिची खोली काचेची. एक टेबल, माईक, भिंतीवर मोठं घड्याळ आणि मधल्या छोट्या खिडकीपलीकडे चौकशीचा काउंटर. तिथे चौकशीकाका बसायचे. साठीकडे झुकलेला, मोजकं बोलणारा, जरा तिरसट माणूस. एकच प्रश्न कुणी तिसऱ्यांदा विचारला की काका तोंड न उघडता फक्त पाटीकडे बोट दाखवायचे. दोघांचं फारसं सख्य नव्हतं. मधली खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून वर्षानुवर्षं धुसफूस चालायची.

पहिल्यांदा झालं ते सकाळी कामाच्या ऐन गर्दीत. ‘फलाट क्रमांक चारवरून सुटणारी’ इथवर ती बोलली आणि पुढचा शब्द आलाच नाही. आठवत नव्हता असं नाही. समोर कागदावर लिहिलेला होता, तिला दिसत होता, कळत होता, पण जिभेवर येईना. उजव्या हाताची बोटं आपोआप टेबलावर टकटक करू लागली. पाऊण मिनिटात सगळं जागच्या जागी आलं. ती घोटभर पाणी प्यायली, घसा खाकरला आणि वाक्य पुरं केलं. काकांनी खिडकीतून एकदा तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

पुढच्या पंधरा दिवसांत असं आणखी तीनदा झालं. घरी तिनं घसा धरतोय एवढंच सांगितलं. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. त्यानं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं आणि ती निमूटपणे करत राहिली.

पाचव्या वेळी मात्र ती खुर्चीवरून कोसळली. माईक चालूच होता. खुर्ची आपटल्याचा धाडकन आवाज सगळ्या स्थानकानं ऐकला. दारात माणसं जमली. अंग ताठ होऊन झटके देत होतं, दातखीळ बसली होती. एकजण चमचा शोधायला धावला, दोघांनी तिचे हात घट्ट धरले. तेवढ्यात काका आत शिरले. त्यांनी आधी खुर्ची बाजूला सारली, स्वतःचा स्वेटर काढून तिच्या डोक्याखाली घातला.

“हात सोडा तिचे. तोंडात काहीही घालायचं नाही,” ते म्हणाले.

आवाज न चढवता म्हणाले, पण सगळे बाजूला झाले. झटके थांबताच त्यांनी तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघून खिशातल्या कागदावर काहीतरी लिहीत राहिले. रुग्णवाहिका आली तेव्हा तो कागद त्यांनी निरोप मिळताच धावत आलेल्या तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या नोंदवाव्यात तशा नोंदी होत्या. दहा सतराला सुरू. दहा एकोणीसला थांबलं. दहा सव्वीसला नाव विचारलं, चुकीचं सांगितलं. दहा एकतीसला बरोबर सांगितलं. खाली आधीच्या चार वेळांच्या तारखाही होत्या, कुठल्या हाताची बोटं हलली त्यासकट.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तो कागद दोनदा वाचला. हा कुणी लिहिला, असं त्यांनी विचारलं आणि मग म्हणाल्या की अर्धा दिवस प्रश्न विचारूनही मला एवढं कळलं नसतं. सुरुवात उजव्या हातापासून आणि बोलण्यापासून होतेय, म्हणजे डाव्या बाजूला बघायला हवं. बघितलं. तिथे गाठ होती, सुपारीएवढी.

सुईनं तुकडा काढून तपासला. गाठ सावकाश वाढणारी निघाली. पण बसली होती नेमकी वाचेच्या शेजारी. आत्ताच काढायला गेलं तर बोलणं जायची भीती होती, म्हणून दर सहा महिन्यांनी स्कॅन करून तिच्यावर नजर ठेवायची असं ठरलं. आणि झटक्यांसाठी गोळी, सकाळी आठला एक, संध्याकाळी आठला एक.

“म्हणजे गोळीनं गाठ विरघळेल?” कर्णाताईनं विचारलं.

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गाठीला ती काही करत नाही. गाठीमुळे आजूबाजूचा मेंदू मधूनच भडकतो, तेवढं ती शांत ठेवते. गाठीवर आपण लक्ष ठेवू. तुम्ही घड्याळावर ठेवा.”

घड्याळाशी तिचं एकोणीस वर्षांचं नातं होतं, त्यामुळे हे काम जमण्यासारखं वाटलं. घरात लगेच नवे कायदे झाले. न्हाणीघराला आतून कडी नाही. एकटीनं शेगडीपाशी उभं राहायचं नाही. जागरण नाही. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट दवाखाना. नवऱ्यानं टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंज चिकटवला आणि मग उत्साहाच्या भरात कपाटालाही. घर सामान हलवण्याच्या तयारीत असल्यासारखं दिसू लागलं. लेकीनं बाबांना विचारलं की आता आईलाच कापसात गुंडाळून ठेवायचंय का. तिघंही हसली. त्या महिन्यातलं ते पहिलं हसणं.

झटके थांबले, पण गोळीनं भलतंच काही सुरू केलं. कर्णाताईचा पारा चढू लागला. ओला टॉवेल पलंगावर दिसला म्हणून ती लेकीवर अशी ओरडली की पोर पांढरीफटक पडली. नंतर ती स्वतःच रडत बसली. ही आपली जीभ नव्हे, एवढं तिला कळत होतं. नवऱ्याला वाटलं, आजाराच्या काळजीनं होत असेल, सोसायला हवं. त्यानं आठवडाभर ब्र काढला नाही. शेवटी लेकच आईबरोबर दवाखान्यात गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकलं. या गोळीनं काहींना असा राग येतो, म्हणाल्या, तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. त्या एका वाक्यानं कर्णाताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग नवीन गोळी थोडी थोडी वाढवत जुनी उतरवत नेली. नवीन गोळीनं तीन आठवडे पेंग यायची, भाजी निवडताना डोळा लागायचा. नंतर तेही सरलं.

आणि सगळं ठीक झालं तेव्हा तिनं चूक केली. अडीच महिने झटका नव्हता. कामावर परत घेण्याबद्दल स्थानकप्रमुखांना भेटायचं होतं आणि त्या दिवशी डोकं लख्ख हवं, म्हणून तिनं दोन दिवस गोळी घेतलीच नाही. कुणाला सांगितलंही नाही. भेटीच्या सकाळी केस विंचरताना कंगवा हातातून गळाला, आणि शुद्ध आली ती नवऱ्याच्या मांडीवर. गोळ्यांच्या डबीतल्या न उघडलेल्या चार खणांवरून त्याला सगळं कळलं होतं. तो रागावला नाही. म्हणाला, “अगं, बरं वाटतंय ते गोळीमुळेच ना?” आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्यालाच फुटलं.

त्या दिवसापासून तिनं एकही गोळी चुकवली नाही.

स्थानकप्रमुख माणूस वाईट नव्हता, पण घाबरट. माईकवर असताना काही झालं तर प्रवासी बिथरतील, असं त्याचं म्हणणं. त्याला तिला आतल्या खोलीत तिकिटांच्या गठ्ठ्यांपाशी बसवायचं होतं. काका बोलावलं नसताना तिथे आले. म्हणाले, मधली खिडकी उघडी ठेवतो, मी शेजारीच आहे, ती थांबली तर पुढचं मी बोलेन. एवढं बोलून वाट न बघता परत काउंटरवर जाऊन बसले. प्रमुखानं डॉक्टरीणबाईंचं पत्र मागितलं, ते मिळालं, आणि कर्णाताई पुन्हा माईकपुढे आली.

गोळीनं मोठे झटके बंद झाले. छोटे मात्र महिना-दीड महिन्यातून कधीतरी यायचे. आता तिला आधी चाहूल लागायची, तोंडात पत्र्यासारखी चव यायची. ती माईक खिडकीकडे सरकवायची आणि काका आपल्या खरखरीत आवाजात उरलेलं वाक्य पुरं करायचे. एकाच सूचनेत गाडीचा नंबर बाईच्या आवाजात आणि सुटायची वेळ बाप्याच्या आवाजात. प्रवाशांना सवय झाली. एका ड्रायव्हरनं तर विचारलं, तुम्ही दोघं रोज जोडीनं का बोलत नाही, ऐकायला बरं वाटतं. काकांनी त्याला पाटीकडे बोट दाखवलं.

तिला एकदा राहवलं नाही. हे सगळं तुम्हाला कुठून ठाऊक, असं तिनं विचारलं. धाकट्या बहिणीला लहानपणापासून फिट यायची, काका म्हणाले. तेव्हा आम्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं. लोक चमचे घालायचे, हातपाय दाबायचे, आणि आम्ही बघत राहायचो. पुढे गोळ्या सुरू झाल्या तशी ती सुधारली. आता तिला नातवंडं आहेत. इतकं सलग बोललेले काका तिनं तेव्हाच पाहिले.

याला चार वर्षं झाली. गोळीची मात्रा एकदा वाढवावी लागली, गेल्या अकरा महिन्यांत छोटा झटकासुद्धा नाही. आठ स्कॅन झाले. गाठ आहे तिथेच, आहे तेवढीच. उद्या ती वाढेल का, हे डॉक्टरीणबाई सांगू शकत नाहीत आणि कर्णाताईही आता विचारत नाही. दर स्कॅननंतर ती घरी येते, लेकीला जवळ घेते आणि नवऱ्याला म्हणते, “चला, सहा महिने पदरात पडले.” आवाज शाबूत आहे, काम हातात आहे, सकाळी आठला पाण्याचा पेला पुढे करणारं माणूस आहे. याहून जास्त मागायला तिला संकोच वाटतो.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला त्यांनी शेवटच्या दिवशी खोलीत आणून दाखवलं, घड्याळ कुठे आहे, डोक्याखाली द्यायची उशी कुठल्या खणात आहे, कुशीवर कसं वळवायचं. मुलगी घाबरली होती. काका तिला म्हणाले की घाबर, हरकत नाही, फक्त वेळ लिहायला विसरू नकोस.

संध्याकाळी ते पिशवी उचलून निघाले. फलाट ओलांडून फाटकाशी पोचले असतील, तेवढ्यात कर्ण्यातून तिचा आवाज आला. चौकशीच्या खिडकीवर बत्तीस वर्षं बसलेले आमचे काका आज घरी चालले आहेत. माझी कितीतरी वाक्यं त्यांनी पुरी केली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

बाकांवरची माणसं इकडेतिकडे बघू लागली. काका फाटकाशी थांबले. त्यांनी मागे वळून काचेच्या खोलीकडे पाहिलं, चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, आणि पुन्हा चालू लागले.