एक घास माझ्या नावचा

शहागंजातल्या आमच्या जाहिरातीच्या ऑफिसात दुपारचे डबे आणणाऱ्या मावशी आमच्या तोंडात पहिला घास जाईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. कुणी फोनवर असो, कुणी साहेबांची बोलणी खात असो, त्या कमरेवर हात ठेवून टेबलाशी उभ्या. "आधी घास खाय, मंग बोलणी खाय," म्हणायच्या. साहेबांनाही ते ऐकू जायचं.

भाजी तिखटजाळ असायची. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "नाकातून पाणी आलं म्हंजी जेवण अंगी लागलं." आमच्या साहेबांचंही काहीसं तसंच होतं. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की माल त्याला घरचा वाटतो, आणि घरचा वाटला की गिऱ्हाईक दुसरीकडे बघत नाही, असं ते आम्हाला शिकवायचे. फरक एवढाच की मावशींच्या पाण्यात खोट नव्हती.

मावशींचा मुलगा संतोष पुण्याला होता. न सांगता लग्न केलं, त्यावरून बिनसलं, तेव्हापासून त्याचं येणं बंद. फोन मात्र रोज दुपारी, त्या आमच्याकडे असताना यायचा. मावशींना कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकरवर. बोलणं तुटक. पण ठेवताना त्या म्हणायच्याच, "एक घास माझ्या नावचा खाय रं." लहानपणी चिऊकाऊनंतरचा शेवटचा घास त्या असाच भरवायच्या. पलीकडून "हां, खातो" यायचं. तेवढ्यावर मावशींचा दिवस जायचा.

मसाल्याच्या एका कंपनीचं काम आलं तेव्हा मला काही सुचेना. मी ते वाक्य उचललं. मीटिंगमध्ये सांगितलं, माझी आई असं म्हणते. कंपनीच्या मालकाचे डोळे भरून आले. थोड्याच दिवसांत जालना रोडवर मोठा फलक लागला, आणि ज्याच्यात्याच्या मोबाईलवर एक नटी तेच वाक्य म्हणत रडू लागली. मावशींना मी भीतभीत दाखवलं. "माझंच की व्हय हे?" त्या हसल्या. "लई झ्याक दिसायलंय." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एका दुपारी फोन ठेवताना त्यांनी नेहमीसारखं म्हटलं आणि संतोष हसला. "आई, तुझं हे बी आता त्या मसाल्याच्या जाहिरातीतलंच वाटायलंय बघ."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. शेजारी साहेब जेवत होते, आणि त्यांच्या लेखी ते वाक्य माझ्या आईचं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी भाकरी मोडत राहिलो. "ठिवते," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर ते वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. फोन दोन दिवसांआड, मग आठवड्याने, मग बंद. मावशींनी डबे सोडले आणि पैठणला बहिणीकडे निघाल्या. स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "मावशी, मी संतोषला फोन करून खरं सांगतो."

"सांग की," त्या एसटीच्या खिडकीतून म्हणाल्या. "पर लेकरा, आता मी कायबी म्हणलं तरी त्याला मसालाच आठवंल." तो फोन मी अजून केलेला नाही.

माझ्यासाठी त्यांनी भाकरी-ठेचा बांधून आणला होता. मी पुडकं सोडलं आणि, त्या बघतायत असं समजून, तिथंच उभ्याउभ्या पहिला घास तोंडात घातला. मावशी समोरच्या सीटकडे बघत होत्या.