डीजे आणि माझ्या बहिणीचं काळीज

आवाजाने माणूस मरू शकतो, हे तुम्हाला खरं वाटतं का? आमच्या घरात कोणालाच वाटत नव्हतं.

चौसाळ्याला चुलतभावाच्या वरातीत डीजेचा पहिला दणका बसला आणि माझी धाकटी बहीण जागेवर कोसळली. काकांनी चप्पल हुंगवली. ती शुद्धीवर आली, तशी काकू म्हणाली, "देवीचं वारं हाय. अंगात येतंय हिच्या." पुढे घरी मोबाईलचा गजर वाजला, तेव्हाही ती पडली. देवीला मोबाईल कशाला लागतो, असं मी विचारलं तर सगळे माझ्यावरच भडकले.

बीडच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि साध्या शब्दांत सांगितलं. हृदयाच्या पेशींना बारीक दरवाजे असतात. प्रत्येक ठोक्यानंतर त्यांतून पोटॅशियम बाहेर जातं, मगच पेशी शांत होऊन पुढच्या ठोक्याला तयार होते. हिचे काही दरवाजे जन्मापासून अधू आहेत. ती दचकली की ते मागे पडतात आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. जुलाबाने रक्तातलं पोटॅशियम घटलं, तर ते आणखी मंदावतात. काही औषधांनीही तेच होतं.

"गोळ्या चुकवू नका. विचारल्याशिवाय दुसरं औषध नको, आणि अचानक मोठा आवाज तर नकोच. पुढच्या वेळी ती उठेलच, असं सांगता येत नाही."

थोड्याच दिवसांत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. डीजे अजून सुरू व्हायचा होता. मी पळत तिथल्या एका कार्यकर्त्याकडे गेलो.

"भाऊ, इथं वाजवू नका. बहिणीला हृदयाचा त्रास हाय."

"कापूस घाल म्हणावं कानात."

"कापसानं भागत न्हाई. जीव जाईल तिचा."

"साहेबांच्या वाढदिवसालाच काहून जातो बे जीव? रानात नेऊन बसव तिला."

सगळे हसले. मी घरी आलो आणि तिला मोटारसायकलवर मागे बसवून खरोखरच रानात नेलं. तिथंही दुरून दणके ऐकू येत होते. बांधावर बसून ती म्हणाली, "दादा, घर आपलं हाय ना? मग आपण काहून निघालो?"

मला राग आला, तो अजून गेलेला नाही. तिच्या पेशींचे दरवाजे दुरुस्त करणं कोणाच्या हातात नसेल. डीजेचं बटण मात्र माणसाच्याच हातात असतं. तुमच्याकडे पुढची मिरवणूक ठरेल, तेव्हा आधीच जा आणि डीजे नको म्हणून सांगा. मी एकटा गेलो, म्हणून ते हसले. तुम्ही सगळी गल्ली घेऊन जा.