सुलभाताईंच्या डोळ्यांबद्दल मीच सांगितलं होतं

आज सकाळी कांदिवलीला जाऊन सुलभाताईंचं अंत्यदर्शन घेतलं. मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी घाटकोपरच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. परदेशातल्या शास्त्रज्ञांच्या एका प्रयोगातले सूक्ष्म कण टिपणाऱ्या पेट्यांमध्ये केसाहून बारीक तारा ताणून बसवायचो. मला हे काम ताईंनीच शिकवलं.

पुढे त्या प्रयोगात कणांच्या टकरी खूप वाढणार होत्या. म्हणून नव्या पेट्यांत तारा आणखी जवळजवळ बसवायच्या होत्या. ताईंना त्या नीट दिसेनात.

"कुणाला बोलू नकोस गं," त्या म्हणाल्या.

दोन तारा एकमेकींना टेकल्या असत्या तर अख्खी पेटी वाया गेली असती. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ताईंना पॅकिंगला बसवलं. त्यानंतर त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत.

आज त्यांची मुलगी म्हणाली, "मावशी, आई म्हणायची, तिने केलं ते बरोबरच होतं. फक्त साहेबांकडे जाण्याआधी मला सांगितलं असतं, तर मी आपणहून त्या कामावरून उठले असते."

मला रडूही येईना. शेजारच्याच खुर्चीवर तर बसायच्या त्या. तुमचंही कुणाशी असं बोलायचं राहून गेलंय का?