उकडलेली गुलछडी

वनस्पतिशास्त्र मला कुणी शिकवलंच नव्हतं. सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत मी वर्षाच्या बोलीवर लागलेली नवी मास्तरीण. तो विषय शिकवणाऱ्या बाई लग्न होऊन कुर्डुवाडीला गेल्या आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. आज वाचायचं आणि उद्या ठासून सांगायचं, अशी माझी विद्वत्ता! "पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर," मी सांगे. "पानातला हिरवा रंग हा आचारी आणि ऊन ही चूल. मुळं पाणी पाठवतात, हवेतून वायू येतो, आणि साखर तयार!" मुली खूश, मीही खूश.

वर्ष सरता सरता तपासणी आली. इन्स्पेक्टर साहेब माझा तास बघणार आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. घर म्हणजे भावाचं. तिथं वहिनीच्या हाताखाली गेले असते तर आठ दिवसांत आम्हा दोघींतली एकच उरली असती.

देठातून पाणी कसं वर चढतं ते साहेबांना दाखवायचं मी ठरवलं. पांढऱ्या गुलछडीचे देठ लाल पाण्यात ठेवले की पाकळ्यांवर लाली येते. पण लाल शाई मुख्य बाईंच्या कपाटात, कुलपात. तेव्हा एक विणकराची पोर उभी राहिली. तिच्या घरी सूत रंगवायचे. "आमच्याकडं लाल रंग लई हाय की, बाई!" मी तिला चार देठ दिले आणि म्हटलं, "रंगात ठेव आणि सकाळी घेऊन ये." कसं ठेव, ते सांगायचं सुचलंच नाही.

सकाळी तिनं मोठ्या ऐटीत पेला पुढं केला. आत लाल रंगात शेवग्याच्या शेंगांसारखे शिजलेले देठ, आणि वर मान टाकलेली पांढरीफटक फुलं.

"अगं, हे काय केलंस?"

"उकळल्याबिगर रंग पक्का बसतोय व्हय, बाई? मीठ पण घातलंय. आणि ऊन म्हंजे झाडाची चूल, तुमीच सांगितलं की. ऊन मावळलं म्हणून आईच्या चुलीवर ठेवलं."

माझा पारा असा चढला म्हणता! सगळ्या वर्गासमोर मी तिला दगड म्हटलं, अकलेचा कांदा म्हटलं, जा घरी सूत रंगव म्हटलं. ती रडली नाही, नुसती खाली बघत राहिली. त्याचा मला आणखीच राग आला.

साहेबांसाठी मुख्य बाईंनी पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणवून ठेवला होता. त्यातल्या दोन गुलछड्या मी सरळ चोरल्या आणि तिच्या पेल्यातला गार झालेला थोडा रंग दुसऱ्या पेल्यात ओतून, पातळ करून त्यात उभ्या केल्या. उकडलेल्या फेकायलाही वेळ नव्हता, त्या शेजारीच राहिल्या. सोलापूरचं ऊन त्या दिवशी माझ्या बाजूनं होतं; उन्हात देठातलं पाणी भराभर वर चढतं. दुपारी साहेब वर्गात आले तोवर ताज्या फुलांच्या पाकळ्यांवर लाल रेघा उमटल्या होत्या.

साहेबांनी दोन्ही पेले उचलून निरखले. "वा! देठ शिजून मऊ पडले, नळ्या चेपल्या, वाट बंद. शेजारी ताजे देठ, वाट मोकळी. दोन्ही शेजारी ठेवायची ही कल्पना तुमची का, बाई?"

खरं सांगावं तर वहिनी, खोटं सांगावं तर समोर चाळीस मुली, आणि त्यांत ती. मी तोंड उघडणार तोच ती उठली.

"व्हय, साहेब. बाईंनीच सांगितलं होतं, दोन्ही तऱ्हेनं आण म्हणून."

साहेबांनी वहीत काही लिहिलं आणि ते गेले. आठवड्यानं मी कायम झाले. पण त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं, सकाळी जे बोलले त्याची माफी मागायला. ती दप्तर काखेत मारून म्हणाली, "असू दे, बाई. तुमी गेला असता, तर आमाला कुणी शिकवलं असतं?" आणि मला शरमेनं मान वर करवेना.