नळाजवळ बसलेला पाहुणा

लोणारला पाहुणे नेऊन नेऊन मी कंटाळलोय. चेहरे लक्षात राहत नाहीत. तो म्हातारा जर्मन तेवढा राहिला. सोबतच्या दुभाषी मुलीनं सांगितलं होतं, हा इंजिनिअर, पंपांच्या कारखान्याचा मालक आणि पुढं कितीतरी वर्षं तिकडच्या त्याच्या शहराचा नगराध्यक्ष होता.

सुलतानपूर सोडल्यावर एका गावात चहाला थांबलो, तर सरपंचानं त्याला नव्या नळाच्या उद्‌घाटनालाच धरून नेलं. शाल झाली, श्रीफळ झालं. फीत कापण्याआधी त्यानं वाकून पाइपाला कान लावला आणि कात्री परत दिली. पाइप अजून टाकीला जोडलाच नव्हता.

"जोडू ना हो, फोटो तर होऊ द्या!" सरपंच हसला आणि त्यानंच फीत कापली.

बाया रिकामे हंडे उचलून मुकाट्यानं घरी गेल्या. एक म्हातारी उरली. पाहुणा शाल पांघरून नळाच्या ओट्यावर बसला, तो उठेचना.

"काऊन बसले बाप्पा? पाणी उद्याबी नाही येत," म्हातारी म्हणाली.

तो नारळ हातात फिरवत राहिला. मग हळूच बोलला, ते मुलीनं आम्हाला सांगितलं. "मी खुर्चीवर असताना लोक असेच निमूट घरी जायचे. मला वाटायचं, त्यांचं समाधान झालं. ते थकले होते, हे मला खुर्ची गेल्यावर कळलं."

म्हातारीनं हंडा खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी टेकली.

"म्हंजे तिकडबी असंच? मंग माणसानं जावं तरी कुठं?"