बोका गप्प बसत नाही

त्या कार्टून स्टुडिओत सगळे त्यांना वहीवाले काका म्हणत. मालिकेतलं कोणतं पात्र काय करेल आणि काय मेलं तरी करणार नाही, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं असे. वहीशी न जुळणारा प्रसंग ते लाल पेनाने खोडून टाकत.

सकाळी नव्या लेखिकेचा प्रसंग आला: मित्राला उगाच बोलणी बसतात आणि बोका शेजारी गप्प उभा राहतो. काका उसळले.

"अगं, अकरा वर्षं ओळखतो मी त्याला! तो गप्प बसेल? वही वाच आधी!"

दुपारच्या मीटिंगमध्ये दिग्दर्शकाने तिची खरडपट्टी काढली. तिने लिहिलेल्या मागच्या भागात भित्रं कासव एकटंच विहिरीत उतरलं होतं, म्हणून. तो बदल घाईघाईत काकांनीच केला होता, आणि हे फक्त त्यांना आणि तिलाच ठाऊक होतं. काकांनी वहीत डोकं खुपसलं.

संध्याकाळी ती कागद घेऊन आली.

"काका, तुमचं बरोबर होतं. आता बोका बोलतो. सही करता?"

आवाजात टोमणा नव्हता. असता, तर काकांना निदान चिडता तरी आलं असतं.